दोनशे सात जोंधळे

दाजी गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. आमच्या माकणीच्या थांब्यावर गाडी उभी राहिली, त्यानं दारातूनच हाक मारली, "नळदुर्गचे मास्तर गेले की काल. तुमचेच न्हवं?" माझेच. माझ्या थोरल्या बहिणीचे, गौराक्काचे यजमान. ती चाळीस वर्षांपूर्वीच गेली, पण दाजींनी नातं तुटू दिलं नाही. दर दिवाळीला माझी साडी चुकली नाही. आज महिना झाला. रडून झालं, तरी एक बोलणं मनात सलतंय, म्हणून लिहायला बसले.

निजामाच्या राजवटीत दाजी नळदुर्गच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा उर्दूतून, त्यामुळं अंतराला ते शेवटपर्यंत 'फासला'च म्हणत. राजवटीच्या अखेरच्या धामधुमीत आम्ही सगळे गाव सोडून हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, छावणीत जाऊन राहिलो. गाव पुन्हा दिसेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथं दाजींनी मोडक्या दाराची एक फळी मिळवली आणि तिच्यावर मातीचं नळदुर्ग मांडायला घेतलं... किल्ला, वेस, पेठ, एकेक घर. मोजायला काहीच नव्हतं. मग एका पावलाला एक जोंधळा, असं माप त्यांनी धरलं. भेटेल त्याला विचारायचे, "तुमच्या दारापासून वेशीपर्यंत फासला किती?" लोक डोळे मिटून मनातल्या मनात चालायला लागायचे. काहींना निम्म्या वाटेतच हुंदका यायचा.

स्वतःच्या दारापासून बारवेपर्यंतचा फासला त्यांनी अक्कालाच विचारला. मी तेव्हा दहा वर्षांची, तिला खेटून बसले होते.

"दोनशे सात," अक्कानं पटकन सांगितलं.

"इतका? जाताना मोजलास का येताना?"

"जाताना कोण मोजतंय हो? घागर रिकामी असती. येताना मान दुखती, म्हून मोजते म्या."

दाजी हसले आणि दोनशे सात जोंधळे ओळीनं मांडले. बारव पार फळीच्या कडेला गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत अक्का छावणीतच तापानं गेली.

गावी परतल्यावर दाजींनी सगळं गाव आपल्या पावलांनी पुन्हा मोजलं. जिथं चुकलं होतं तिथं माती उकरून नीट केलं. बारवेची वाट त्यांच्या पावलांनी एकशे चाळीसच भरली, पण तिला त्यांनी हात लावला नाही. उलट ते जोंधळे तसेच मातीत दाबले आणि वरून रोगण फिरवलं. पुढं बऱ्याच वर्षांनी संग्रहालयाचे एक साहेब फळी बघायला आले. गाव बघून हरखले, मग टेप लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. एक वाट दीडपट लांब आहे, तेवढी कापली तर लगेच नेतो, म्हणाले. दाजींनी फळीवर जुनं धोतर पांघरलं. साहेब गेल्यावर मी मात्र बोलून गेले. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. "दाजी, कापा की तेवढी वाट. अक्का काय बघायला येणार हाय?"

ते रागावले नाहीत. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नागू, बाकीचं गाव म्या मोजलंय. तेवढीच वाट तिनं चाललीय."

फळी कितीतरी वर्षं घरातच, जुन्या धोतराखाली झाकून पडली. शेवटी एका नव्या साहेबांनी सगळी हकिगत बसून ऐकली आणि वाटेसकट फळी नेली. दाजी मला दोनदा म्हणाले, "चल, बघून येऊ." मी कुठल्या तोंडानं जाणार? आज-उद्या करत राहिले, आणि त्या शब्दाची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

परवा एकटीच संग्रहालयात जाऊन आले. काचेखाली माझं गाव बघितलं, कडेला लोटलेली ती बारव बघितली. परतताना नळदुर्गला उतरले. आता घरोघरी नळ आलेत, पण बारवेला पाणी आहे. दाजींच्याच घरातली घागर घेतली, काठोकाठ भरली, डोक्यावर ठेवली आणि मोजत निघाले. बाया दारात येऊन बघत होत्या, बघू देत. मान भरून आली, पावलं आपोआप आखडली... दाजींच्या उंबऱ्याशी आले तेव्हा दोनशे तीन झाली होती. चार कमी. म्हणजे अक्काचं पाऊल माझ्याहूनही लहान.

अक्का बुटकी होती. माझ्या लेखी ती कायम उंचच राहिली, कारण मी तिला शेवटचं खालून पाहिलं होतं. ती बुटकी होती, हे फक्त दाजींना आठवत होतं.