सा सोडायला शिकवणारे नाना

रविवार, सकाळ. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

धुळ्याचे नाना गेले, आणि लगेच सगळ्यांनी खोटं बोलायला सुरुवात केली.

'प्रेमळ गुरू.' 'गिटारचा जादूगार.' 'सदैव हसतमुख.'

नाना हसतमुख नव्हते. प्रेमळ तर मुळीच नव्हते. आमच्या वाजवण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि ते तसं तोंडावर सांगायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पुढे त्यांना जॅझचा नाद लागला. धुळ्यात जॅझ! ऐकायला कोणी नाही, वाजवायला कोणी नाही. मग त्यांनी बायकोलाच, म्हणजे अक्कांना, पेटीवर कॉर्ड धरायला शिकवलं, तीन-चार सूर एकदम. अक्का शाळेत शिक्षिका होत्या, प्रार्थनेला पेटी वाजवायच्या. त्या खाली कॉर्ड बदलत जायच्या आणि नाना वर त्या क्षणी सुचेल ते वाजवायचे.

मी तिशी उलटल्यावर त्यांच्याकडे शिकायला गेले. दर रविवारी जळगावहून एसटीने.

पहिल्याच दिवशी मी एक सोलो वाजवला. वेगात. मला वाटलं, छान झाला.

"बोटं पळी ऱ्हायनात, कान झोपेल शेतस," नाना म्हणाले. "गिटार ठेव खाली. गाईसन दाखाड."

गायला लागले आणि कळलं. आपण सगळे आरती-भजनात वाढलेले. आपला कान एक सा धरतो आणि खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखा त्याच्याभोवती फिरतो. खाली कॉर्ड बदलली, घर बदललं, तरी आपण जुन्याच घराच्या दारात उभे.

"सा सोड!"

"सोडला, नाना."

"कोठे सोडा? सा काय तुना बापना शे का?"

आतून अक्का हसायच्या. पण पेटी थांबायची नाही.

नानांनी स्वतः एक धून बांधली होती. तिला नावसुद्धा दिलं नाही. सुरुवात साधी, पाळण्यासारखी. पण मधल्या भागात सा तीनदा जागा बदलतो, आणि दर वेळी तुम्ही पोचत नाही तोच तो पुढे सरकतो. मी एसटीत बसून त्या कॉर्डचे खालचे सूर गुणगुणत जायची. पारोळ्याच्या आसपास शेजारची बाई हमखास थोडी सरकून बसायची.

त्या मधल्या भागात मी कधी तरते, कधी बुडते. अजूनही.

हे सगळं आज का लिहितेय, तर पुढच्या आठवड्यात जळगावात नानांसाठी 'स्वरांजली' आहे. आयोजक पंकज. हा नानांकडे जेमतेम एक पावसाळा शिकला. त्याच्या पोस्टमध्ये तो नानांचा 'लाडका शिष्य' आहे.

परवा त्याचा फोन आला.

"ताई, तुम्ही निवेदन करा ना. तुम्ही छान बोलता."

"मी वाजवते, पंकज. नानांची धून."

"ती? अहो, पब्लिकला कळत नाही ती. मी ट्रॅक लावतोय, त्यावर जुनी हिंदी गाणी वाजवतो. लोक रडले पाहिजेत."

"आणि अक्का?"

"त्यांना स्टेजवर खुर्ची. फोटोशेजारी. त्यांच्याच हातून हार घालू, व्हिडिओ चांगला येईल."

ट्रॅक! ज्या माणसानं जन्मभर एक वाक्य दोनदा तसंच वाजवलं नाही, त्याला निरोप पेनड्राइव्हवरून.

फोन ठेवला आणि बराच वेळ मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. चांगल्या निवडक घातल्या.

मग स्वतःला विचारलं, बाई, हा राग नक्की कशाचा? पंकज उथळ आहे, हे खरंच. पण तो म्हणाला 'ती नको', तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं की नाही? वाटलं होतं. धून वाजवायची नसेल तर मधल्या भागात चारचौघांत बुडायचीही भीती नाही. त्याला नावं ठेवत घरी बसणं सोपं.

पण आता ती धून दोघींनाच येते. अक्कांना खालून, मला वरून. तीही धड नाही. आम्ही नाही वाजवली तर नानांबरोबर ती गेलीच.

काल अक्कांना फोन केला. पंकजनं त्यांना खुर्चीचं सांगितलं होतंच.

"मले फोटोजोडे बसाडी ऱ्हायना तो," अक्का म्हणाल्या. "मी काय फोटो शे?"

मी चाचरत विचारलं, "पेटी वाजवाल?"

आणि लगेच मीच मागे सरले. म्हटलं, "राहू द्या अक्का. तोवर तेरावं नुकतंच झालेलं असेल. लोक काय म्हणतील."

"लोकेस्नी त्यास्नं जिवंतपणी ऐकं का? आते काय म्हनतीन?"

मग पेटीचा भाता उघडल्याचा आवाज आला. फोन बाजूला ठेवून त्यांनी मधला भाग वाजवला. सरळ, शाळेच्या प्रार्थनेसारखा ठाम. मी इकडे तोंडानं गात होते. दुसऱ्या वळणावर बुडाले. पेटी पुढे गेली. पळत जाऊन तिसऱ्या वळणावर गाठली.

"चुकनी तू," अक्का म्हणाल्या.

"हो."

"तठेबी चुकशी. मी थांबाव नई, आधीच सांगस."

नाना, तुम्ही मला एकदाही 'छान' म्हणाला नाहीत. पुढच्या आठवड्यातही म्हणाला नसतात. पहिल्या रांगेत बसून तोंड वाकडं केलं असतंत.

तुमच्याबद्दल खोटं लिहिलं नाही, तेवढीच माझी श्रद्धांजली. बरं नाना, या आता.

उद्याचं काम: पंकजला सांगणे, खुर्ची नको, पेटीसाठी टेबल लाव.