हाताला काम देण्याची नोकरी

तुमचा उजवा हात उद्या मिटेनासा झाला, तर तो पुन्हा कामाला लावायला तुम्ही कोणाकडे जाल? डॉक्टर जखम शिवतील, कंपाउंडर पट्टी बांधेल. पण पुढे घास उचलायला, विळा धरायला त्या हाताला कोण शिकवणार?

ते शिकवायचं शिक्षण मी मुंबईहून घेऊन आले. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. रोग्याला झेपेल असं काम देत देत त्याचा अवयव पुन्हा चालता करायचा. अभ्यासक्रम नवा, त्यामुळे अशी जागा दवाखान्यात असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. नागपूरच्या नोकरी नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं माझं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि मला शिवणशिक्षिकांच्या यादीत घातलं. दवाखान्यांकडून उत्तरं आली ती एकाच अर्थाची : असं पद मंजूर नाही. तेवढ्यात राज्यांची फेररचना होऊन आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि माझे उरलेले अर्ज कोणत्या कचेरीत पडलेत हे सांगणाराही कोणी राहिला नाही. गडचिरोलीला घरी बसून मी टपालवाल्याची वाट पाहायची. मुंबईला जाऊन पोरगी रिकामीच परत आली, असं लोक बोलतात, हे आई मला भाकरी वाढताना सांगायची.

शेवटी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात जागा निघाली. एकच, आणि तीही सहा महिन्यांपुरती. मला मुलाखतीला बोलावलं.

डोंग्यातून वैनगंगा ओलांडताना मला भीती वाटत होती ती पाण्याची नव्हे, माझ्या तोंडाची. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील जातिभेदाविरुद्ध सभा घ्यायचे, मी पत्रकांच्या घड्या घालता घालता ती मोठ्यानं वाचायची. कोणतंही काम हलकं नाही, ते करणाऱ्याला हलकं मानणारा समाज हलका, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. साहेबांसमोर त्यातलं काही भलत्या वेळी निघून गेलं तर?

मोठ्या डॉक्टरांनी थोडे प्रश्न विचारले आणि म्हणाले, बोलणं पुरे, आता करून दाखवा. त्यांनी मला पुरुषांच्या वॉर्डात नेलं. नागभीडकडचा एक शेतकरी खाटेवर बसला होता. मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याचा हात फाडला होता. जखम भरली होती, पण बोटं लाकडासारखी ताठ. शेजारी बांबूच्या कमच्या, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्या, ठेवलेल्या होत्या. आमच्या पुस्तकात टोपली विणण्याचंच चित्र आहे, आणि डॉक्टरांनी ते पाहून कमच्या मुद्दाम मागवल्या होत्या.

शेतकऱ्यानं कमच्या पाहिल्या आणि हात घोंगडीखाली ओढून घेतला.

"मी नाई विणत, बाई. मी का बुरड होय?"

मी समजावलं की हे टोपलीसाठी नाही, बोटांसाठी आहे.

"बोटं राहू द्या तशीच. गावात मालूम पडलं तं माह्या पोरीले कोन करून नेईन?"

अस्वलाची हकिकत त्यानं आवाज न हलू देता सांगितली होती. आता आवाज कापत होता. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा हसला. "अस्वलाले नाई भेला, भाऊ टोपलीले भेऊन राह्यला."

सगळी पत्रकं माझ्या घशाशी आली. हलक्या मानलेल्या बुरडाच्या जातीनं विणलेल्या टोपलीतून धान वाहायचं, आणि ती विणायची मात्र लाज? पण पोरीच्या लग्नाबद्दलची त्याची भीती खोटी नव्हती, हेही मला दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, रोगी ऐकत नसेल तर काय कराल? दवाखान्यात दवाखान्याचा हुकूम चालतो, असंही म्हणाले.

त्यांनीच आणवलेल्या कमच्या. नाही म्हणावं तर नोकरी गेली.

"साहेब, या कमच्या मी वापरणार नाही. आधी याचा हात सुरू होऊ द्या. भांडण मी त्याच्याशी नंतर करीन."

मी शेतकऱ्याला विचारलं, घरी बसल्या बसल्या काय करता? अंबाडीचा दोर वळतो, म्हणाला. दवाखान्याच्या विहिरीवर तुटक्या दोराचा तुकडा पडला होता. मी तो आणून, उकलून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तळहात टेकवून वाकाचे ते सुटे धागे वळायला घेतले. बोटं अर्धी वाकली, तोंडून कण्हणं निघालं, तरी तो थांबला नाही. डॉक्टर मध्येच निघून गेले. नोकरी हातची गेली, असं समजूनच मी घरी परतले.

पण नेमणुकीचा हुकूम आला. मला एक खोली मिळाली. पण त्या वॉर्डातली बातमी माझ्याआधी आठवडी बाजारांत पोहोचली होती : दवाखान्यात बुरडकाम करायला लावतात. शेतकरी त्या धाकानं येत नाहीत. बुरडांना वाटतं ही फुकटची वेठ आहे, म्हणून तेही येत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, खोली रिकामी राहिली तर मुदतीनंतर पद राहणार नाही. व्हरांड्यात चपला वाजल्या की मी उठून उभी राहते. पावलं पुढे निघून जातात. पद गेलं तर मी कुठेतरी शिवण शिकवीन. ते ताठ हात मात्र जन्मभर तसेच राहतील.

म्हणून माझं एवढं ऐका. तुमच्या गावात कुऱ्हाडीनं, अस्वलानं किंवा पडून हात अधू झालेला कोणी घरी बसला असेल, तर त्याच्याकडे जा. त्याला सांगा की दवाखान्यात त्याच्या रोजच्या कामातलंच काम देतात. नुसतं सांगून तो येणार नाही. त्याला सोबत घेऊन या, आणि पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसा.