शून्यं भरणारी ताई

रुग्णालयाच्या तळघरात एक बाई बावीस वर्षं शून्यं भरत होती. चेष्टा नाही, कामच ते. मोडीत निघालेले कॉम्प्युटर विकण्याआधी त्यांच्या डिस्कवरची रुग्णांची माहिती पुसायची, म्हणजे तिच्या जागी काठोकाठ शून्यं लिहायची. ही शून्यं एका खास फाइलीतून येतात. म्हणायला फाइल, आत ठेवलेलं काहीच नाही; पण मागाल तितकी शून्यं देते, कधी 'संपली' म्हणत नाही. आई म्हणायची, "यासाठी शिकवलं होय तुला? तुझ्या बापाला गणितात फुकट मिळायची." कामावर सगळे तिला शून्यताई म्हणत आणि तीही हाकेला ओ देई.

कामात मात्र भलतीच काटेकोर. पुसण्याच्या यंत्राला जोडलेल्या डिस्कना ते ओळखीसाठी अक्षरं वाटतं. जी आधी जागी होईल तिला आधीचं अक्षर. यंत्र पुन्हा सुरू झालं की वाटप बदलू शकतं. म्हणून अक्षरावर भिस्त ठेवायची नाही. डिस्कवर छापलेला नंबर आणि पडद्यावरचा नंबर मोठ्याने वाचून ताडायचा, मगच पुसायचं. नव्या माणसांना ती हे इतकं बजावायची की माघारी तिची नक्कल होई.

तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेल्या वर्षी वारला. शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळलेला असताना त्याने लेकीसाठी आपल्या आवाजात एकतीस गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या. पोर चार वर्षांची. पुढे घरचा कॉम्प्युटर बंद पडला, पण डिस्क शाबूत होती. "ताई, तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?" असं म्हणत बहिणीने ती आणून दिली. दुसरी प्रतही काढलेली नव्हती.

ताईने ती सकाळीच यंत्राला जोडून ठेवली. शेजारी रुग्णालयाची एक डिस्क पुसली जात होती. ती झाली की गोष्टी उतरवून घ्यायच्या, असा बेत. मध्येच वीज गेली. पाच मिनिटांत आली, यंत्र पुन्हा सुरू झालं. ताईला भूक लागली होती. तिने नंबर वाचला नाही, एक कळ दाबून मघाचाच, त्याच अक्षराचा हुकूम परत आणला, चालवला आणि डबा घेऊन वर गेली. रुग्णालयाची म्हातारी डिस्क उशिरा जागी झाली होती. तिचं अक्षर बहिणीच्या डिस्कला मिळालं होतं.

ती परतली तेव्हा काम पूर्ण झालं होतं. तिने डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहिली, दोनदा. सगळीकडे शून्य.

फोनवर ती बहिणीला म्हणाली, "जुनी होती गं. आधीच खराब झालेली. खूप प्रयत्न केला मी." उलट बहीणच ताईला समजावू लागली, "तू तरी काय करणार? जिवाला लावून घेऊ नकोस." ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी ती डिस्क परत द्यायला गेली. बहिणीने हातात घेतली आणि पुन्हा तिच्याचकडे दिली. "तूच पूस ही. ह्यांचं काही आत उरलं असेल, ते परक्याच्या हाती नको. तुझ्याइतकं नीट कोण पुसणार?"

"मीच पुसली," ताई म्हणाली. "चुकून. नंबर नाही बघितला. खराब नव्हती ती."

"म्हणजे गोष्टी होत्या?"

"होत्या. सगळ्या."

तेवढ्यात पोर आतल्या खोलीतून धावत आली. "मावशी, बाबांच्या गोष्टी आणल्यास?"

बहिणीने ताईकडे न बघता लेकीला जवळ घेतलं. "नाही गं बाळा. जुनी होती ना ती, आधीच खराब झालेली. मावशीने खूप प्रयत्न केला."

पोरीने थोडा वेळ मावशीचा हात धरला, मग ती खेळायला गेली. बहिणीने डिस्क काढून घेतली, नवऱ्याच्या कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथूनच तिने विचारलं, "जेवून जाणार?"

ताई नको म्हणाली. एरवी हात धरून बसवणारी बहीण, पण त्या दिवशी तिने आग्रह केला नाही.