आईच्या नावावरच्या तीन गाड्या

आमच्या घरात गाडी घ्यायची ती आईच्याच नावावर. पहिली मोपेड तिच्या नावावर, नंतरचे दोन्ही डिझेल टेम्पो तिच्या नावावर. "तिच्या नावाची गाडी लाभते," असं बाबा म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो. आईला गाडी चालवता येत नाही, हा विषय कधी निघालाच नाही.

अमरावतीत आमचा थंड पाण्याचे जार पोचवायचा धंदा आहे. यंदा मी दोन्ही टेम्पो विकले आणि विजेवरच्या तीन मालवाहू तीनचाकी घेतल्या. दोन इथल्या कामाला, तिसरी अकोल्यात शाखा काढायची म्हणून. धंद्यासाठी अशा गाड्या घेणाऱ्याला सरकारी सवलत मिळते, तिच्याच भरवशावर ही उडी होती. शोरूमवाल्यानं विचारलं, "नोंदणी फर्मच्या नावानं ना?" मी छाती फुगवून म्हणालो, "छ्या! आईच्या." तो काहीतरी सांगायला लागला होता, पण ऐकतो कोण! चाकाखाली लिंबं ठेवली, आईनं नारळ फोडला, पेढे वाटले.

दीड महिन्यानं मोबाईलवर निरोप आला. सवलतीचा अर्ज नामंजूर, अर्जदार आणि वाहनमालक वेगळे.

मी हादरलोच. तसाच उठून कार्यालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी कागद चाळले. "दादा, अर्ज तुमच्या फर्मचा अन् गाड्या आईच्या. सरकारनं द्यावं कोनाले?"

"मंग गाड्या फर्मच्या नावावर करून घेतो ना."

"मंग त्या जुन्या झाल्या. सवलत नव्या गाडीले हाये." माझं तोंड पाहून त्यांना दया आली असावी. "एक रस्ता हाये. आईच्याच नावानं धंदा नोंदवा अन् अर्ज त्याईचा टाका. पन उद्या संध्याकाळच्या आत."

अकोल्यात जागा घेऊन झाली होती, पाटी रंगवायला दिली होती. सवलत गेली तर तिसरी गाडी विकावी लागणार होती आणि शाखा उघडायच्या आधीच बंद. घामाघूम होऊन घरी आलो. बाहेर बाबा पेपर उघडून बसले होते. आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी अर्ज तिच्यापुढे ठेवला, पेन पुढे केलं. "आई, इथं सही कर. लवकर."

आजवर तिनं कधी काही विचारलं नव्हतं. हात पुसायची, सही करायची, पुन्हा भाजीला लागायची. त्या दिवशी तिनं हात पुसले आणि म्हणाली, "काय लिवलं हाये ह्याच्यात?"

"काई नाई वं, सरकारी कागद हाये. तू कर सही."

"तुह्ये बाबाबी असंच म्हनत होते." तिचा आवाजसुद्धा चढला नाही. "'काई नाई, कागद हाये, कर सही.' केली म्या. माह्या बापानं चांदूर रेल्वे गावचं वावर माह्या नावावर करून देल्लं होतं. थे त्या सहीत गेलं. माहेरी गेली तं त्या वावरात दुसऱ्याचा नांगर चालून राहिला होता. तवा समजलं मले."

"आई, काय सांगून राहिली तू?"

"तुमची पान्याची मशीन कशातून आली वाटते तुले?"

अरे बापरे! बाबांनी पोटाला चिमटा काढून धंदा उभा केला, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि येईल त्याला ऐकवत आलो होतो. त्या दिवशी पायाखालची जमीन सरकली. बाबांचा राग आला. माझा त्याहून जास्त आला, कारण पेन तर मीही तसंच पुढे केलं होतं.

"मले काहून नाई सांगितलं इतके वर्सं?"

"तुनं इचारलं कधी?" ती म्हणाली. "वाच आता. पहिल्यापासून."

मी वाचू लागलो. अर्जदार कोण, तर ती. धंद्याची मालक कोण, तर ती. गाडी विकायची झाली तर सही कोणाची, तर तिची. तिथं तिनं मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. अर्ज संपला. मी सहीच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिनं पेनचं टोपण काढलं आणि दाराकडे पाहिलं. बाहेर बाबा अजून पेपरच वाचत होते.

"त्याईले आत बलाव," ती म्हणाली. "अन् त्याईच्यासमोर पुन्हा वाच."