खुनी कोण, ते दुकानात सांगायचं नाही

दर मार्चमध्ये मी दुकानातली पुस्तकं मोजायला बसते आणि दर मार्चमध्ये ते काम अर्ध्यात राहतं. एक पुस्तक उचललं की ते वाचून गेलेलं माणूस आठवतं, मग त्याचं बोलणं आठवतं, मग मी एकटीच हसत बसते आणि समोरचा टेलर विचारतो, "काय झालं मंदाताई?" आता काय काय सांगणार त्याला!

आमचं रत्नागिरीतलं दुकान तसं साधं. जूनमध्ये वह्या आणि गाईडं, बाकी वर्षभर पुस्तकं. पण दारातून शिरल्यावर जे पहिलं टेबल लागतं, ते फक्त नव्या रहस्यकथांचं. खून, चोऱ्या, बेपत्ता माणसं, जे काही नवीन छापून येईल ते आधी तिथे मांडायचं. आणि किस्से सगळे त्या टेबलाभोवती घडतात. कवितेच्या शेल्फपाशी आजवर काहीही घडलेलं नाही!

*

या टेबलाचा नियम एकच. खुनी कोण, ते दुकानात सांगायचं नाही.

नियम केला तरी काही महाभाग उभ्या उभ्या शेवटचं पान वाचायचे आणि पुस्तक ठेवून चालू पडायचे. म्हणून मी एक युक्ती काढली. नवीन पुस्तक आलं की शेवटच्या प्रकरणाची पानं खाकी कागदाच्या पट्टीने गुंडाळायची आणि पट्टी चिकटवून टाकायची. घरी न्या, फाडा, वाचा.

एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी एक नवी कादंबरी नेली आणि चार दिवसांनी फुलस्केपच्या तीन कागदांवर परीक्षणच लिहून आणलं. "मराठी रहस्यकथा वयात आली! लेखक खुनी सांगतच नाही. वाचकाला प्रश्नापाशी सोडून देतो. केवढं धाडस!"

मी हळूच विचारलं, "सर, ती खाकी पट्टी तुम्ही फाडलीत ना?"

"कसली पट्टी? ते बाइंडिंग नाही का?"

पुस्तक पिशवीतच होतं. मी पट्टी फाडून दिली. त्यांनी तिथेच स्टुलावर बसून शेवटची बावीस पानं वाचली, चष्मा पुसला, परीक्षण घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "आधीचाच शेवट बरा होता."

*

एक तरुण बाई आल्या. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना अंथरुणावर वाचायला काहीतरी हवं होतं.

"रहस्यकथाच द्या. त्यांना खून फार आवडतात."

मी नुकतीच आलेली एक पुढे केली. त्यांनी मागचा मजकूर वाचला आणि घाईघाईने परत ठेवली. "विषाचं नको हो. सध्या स्वयंपाक माझ्याकडे आहे!"

*

मिरकरवाडा बंदरातले एक तांडेल आहेत, मच्छीमार बोटीचे कप्तान. बोट त्यांची स्वतःची, आणि समुद्रावर जाताना बर्फ, डिझेल आणि एक नवीन रहस्यकथा घेतल्याशिवाय निघत नाहीत. जाळं टाकून झालं की हे मोठ्याने वाचतात आणि खलाशी ऐकतात.

एकदा भर दुपारी ते अख्खी गँग घेऊन दुकानात हजर. पाच माणसं, अंगाला मासळीचा वास, आणि तांडेलांच्या हातात भिजून फुगलेलं पुस्तक.

"ताई, लाट इली नि पुस्तक भिजला. शेवटची पाना चिकाटली. खुनी कोण ता सांग आधी! हे दोघे तीन दिवस एकमेकांशी बोलत नायत."

दोघा खलाशांत पैज नव्हती, भांडणच होतं. एकाच्या मते खुनी भाऊ, दुसऱ्याच्या मते वकील. इतकं पेटलं की दोघं बोटीच्या दोन टोकांना बसून जेवत होते.

मी म्हटलं, "नियम आहे. मी सांगणार नाही." पण टेबलावरची एक प्रत काढली, पट्टी फाडली आणि तांडेलांच्या हातात दिली. त्यांनी दुकानाच्या मधोमध उभं राहून शेवटचं प्रकरण वाचलं. गाईड घ्यायला आलेल्या दोन आयाही थांबून ऐकत होत्या. मी ते अजून वाचलं नव्हतं, म्हणून ऐकायचा मोह टाळायला वह्या लावत बसले, पण कान तिकडेच!

खुनी निघाली मोलकरीण.

एक खलाशी दुसऱ्याला म्हणाला, "मेल्या, मग आपण भांडलो कशाला?"

*

आमच्याकडे एक हवालदारसाहेबही येतात. एक पुस्तक सोडत नाहीत, पण प्रत्येक पुस्तकावर चिडतात.

"ताई, इथे बघा. पान दहावर प्रेत सापडतं नि पान बारावर इन्स्पेक्टर तपास करत सुटलाय! पंचनामा कुठेय? पंच कुठेयत? अहो, दोन शहाणी माणसं पंच म्हणून उभी करायला आमची दुपार जाते. लोक आमची गाडी बघितली की दुकानाचं शटर ओढतात. हे कोणी लिहायचं?"

मी म्हटलं, "खरंय हो. लेखकांना काय ठाऊक तुमचे हाल!"

त्यांना इतकं बरं वाटलं. पुस्तक बगलेत मारून ते दारापर्यंत गेले, थांबले आणि वळून म्हणाले, "ताई, तुम्ही येता का? मोटरसायकलच गेलीय चोरीला. अर्धा तास लागेल फक्त."

मी शटर ओढलं!

*

आता सुनंदावहिनी. यांच्याबद्दल नीट सांगितलं पाहिजे.

वहिनी तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान जाधव सर हायस्कूलला गणित शिकवायचे, तेही निवृत्त. वहिनी टेबलावरचं प्रत्येक पुस्तक नेतात आणि प्रत्येक पुस्तकातला खुनी त्यांना निम्म्याच्या आत कळतो. प्रत्येक! मी पाळत ठेवून बघितलंय. पुस्तक अर्धं झालं की दुकानात येतात, चिठ्ठीवर नाव लिहून माझ्याकडे देतात. मी ती न वाचता गल्ल्यात टाकते. पुस्तक संपलं की चिठ्ठी उघडायची. एकदाही चूक नाही.

मी विचारलं, "वहिनी, कसं हो?"

"सोपं आहे. जो सगळ्यात जास्त विचारपूस करतो ना, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. वॉर्डात जन्म गेला माझा."

एकदा पुण्याहून एक तरुण लेखक आपल्या नव्या कादंबरीवर बोलायला आला; पुस्तक आठ दिवस आधीच टेबलावर आलं होतं. दुकानात छोटी बैठक ठेवली होती. मी आधीच वहिनींना गाठलं. "वहिनी, पोरगा लांबून आलाय. आजच्या दिवस कळलं नाही म्हणा ना."

"मला खोटं बोलता येत नाही हो, मंदाताई. सुई दुखणार नाही, असं मी पेशंटलासुद्धा कधी सांगितलं नाही."

आणि बैठकीत उभ्या राहून सांगितलं, "मला छत्तिसाव्या पानावर कळलं." नाव नाही सांगितलं, नियमाच्या पक्क्या. पण लेखकाला बाजूला नेऊन कानात सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"मग पुढची दोनशे पानं कशाला वाचलीत?"

"तुम्हाला कधी कळतंय ते बघायला!"

*

जाधव सरांचं दुखणं हेच. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि त्यांना या बाईला एकदाही फसवता आलेलं नाही. साडी लपवून आणली तर रंग आधीच सांगायची. गपचूप सिगारेट ओढली तर ब्रँड सांगायची.

एक दिवस सर माझ्याकडे आले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "मंदाताई, मला एक रहस्यकथा लिहायचीय. बक्षीस नको, नाव नको. सुनंदाला शेवटच्या पानापर्यंत खुनी कळता कामा नये. बस. मरायच्या आधी एवढं एकदा घडलं पाहिजे."

हसू नका. मी हसले होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प झाले. माणूस रडकुंडीला आला होता.

घरी लिहायची सोय नाही, कारण घरी वहिनी. म्हणून रोज चार ते सहा माझ्या दुकानात, आतल्या खोलीत. घरी सांगायचं, "वाचनालयात चाललोय." वही माझ्या कपाटात, भूमितीच्या गाईडांच्या मागे. हे एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, नऊ वर्षं चाललं! खुनी तीनदा बदलला. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "काल जेवताना तिने माझ्याकडे निरखून बघितलं. म्हटलं, धोका नको."

सहाव्या की सातव्या वर्षी वहिनींचा मला फोन आला. "मंदाताई, सरांची वही त्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. पावसात त्या भिंतीला ओल येते."

मी गारच पडले. "वहिनी, तुम्ही वाचलीत?"

"छे! मी कशाला वाचू? ज्याची त्याला लिहू दे की." आणि जरा थांबून म्हणाल्या, "एक सांगा मला. खून चांगला जमलाय ना?"

सरांना मी यातलं काही सांगितलं नाही. वही मात्र वरच्या कप्प्यात ठेवली.

*

यंदा पुस्तक छापून आलं. प्रकाशन आमच्याच दुकानात ठेवलं, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. टेलरकडून खुर्च्या आणल्या, टेबलावर दुसरं एकही पुस्तक ठेवलं नाही. सर दुपारपासून येऊन बसले होते. पोह्यांची बशी दिली तर हातातच धरून बसले.

"मंदाताई, आज पुस्तक तिच्या हातात जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत वाचून काढेल. परवा मला कळेल, माझी नऊ वर्षं कामी आली की नाही."

प्रमुख पाहुणे म्हणून गुहागरकडचे एक माजी मुख्याध्यापक बोलावले होते. वक्ते नामी. पण आपल्याकडचे प्रकाशन समारंभ मला ठाऊक आहेत. पाहुणा उभा राहिला की पुस्तकाची गोष्टच सांगत सुटतो! म्हणून मी त्यांना फोनवर बजावलं, आल्यावर बजावलं, हार घालताना परत बजावलं, "शेवट सांगायचा नाही हं."

"ताई, मी चाळीस वर्षं भाषणं करतोय."

चारला गेलेली लाईट पाचलाही आली नव्हती. माइक बंद, पंखा बंद, लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होते. पाहुण्यांना माइकची गरजच नव्हती म्हणा. आवाज असा खणखणीत की रस्त्यापलीकडे टेलर मशीन थांबवून ऐकत होता. वहिनी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, पाहुण्यांपासून तीन हातांवर. सर स्टेजवर, मांडीवर वहिनींसाठी रिबीन बांधून ठेवलेली प्रत.

पाहुण्यांनी सुरुवात छान केली. मग पहिलं प्रकरण सांगितलं. मग दुसरं. चौथ्याला मी खोकले. सातव्याला पाण्याचा पेला नेऊन ठेवला, तो ते घटाघट प्यायले आणि ताजेतवाने होऊन आठव्याकडे वळले. मला घाम फुटला. मी डोळ्यांनी खुणा केल्या, हाताने खुणा केल्या. त्यांना वाटलं, मी दाद देतेय!

"आणि मंडळी, शेवटच्या प्रकरणात लेखकाने काय कमाल केलीय बघा! ज्याच्यावर कोणालाही संशय येणार नाही, तो पोस्टमास्तर! पोस्टमास्तरनेच खून केलाय!"

पाहुण्यांकडे कोणी बघत नव्हतं, सगळे सरांकडे बघत होते. सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि मांडीवरच्या प्रतीची रिबीन उगाच सोडायला लागले. मला खरंच रडू येत होतं. नऊ वर्षं! एका वाक्यात! आणि तेही माझ्या दुकानात!

वहिनी खुर्चीतच मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मंदाताई, तो पंखा जरा बंद करा हो! किती घरघर करतोय. मघापासून पाहुण्यांचं एक अक्षर ऐकू आलं नाही मला."

सगळ्यांनी वर बघितलं. पंखा जागच्या जागी ढिम्म.

मी उठले. माणसांमधून वाट काढत बोर्डापाशी गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"आता येतंय का ऐकू, वहिनी?"

"आता कसं स्वच्छ येतंय." त्या पाहुण्यांकडे वळल्या. "हं, चालू द्या तुमचं. फक्त शेवट तेवढा सांगू नका हं, मला वाचायचंय अजून." आणि सरांसमोर हात पसरला. "द्या इकडे. बघू या, फसवताय का मला."