सांधा बसवणारे वस्ताद

माधवनगरच्या तालमीतले वस्ताद निखळलेले सांधे बसवतात. हात धरून आधी विचारतात, "सकाळी काय खाल्लं रं?" आपण उत्तर देईपर्यंत सांधा जागेवर! कळ जाणवतच नाही.

परवा माझा खांदा त्यांच्या हातात होता. टीव्हीवर पिंजऱ्यातली झुंज चालली होती, त्यांच्याच पठ्ठ्याची. खालचा गडी हार मानून जमिनीवर एक हात आपटत होता. पंच मधे पडेपर्यंत पठ्ठ्यानं त्याचा दुसरा हात पिळून मोडला. तालमीत शिट्ट्या घुमल्या. माझे दोन्ही हात धड असते, तर मीही टाळी वाजवली असती.

"वस्ताद, पेढे!" कुणीतरी ओरडलं.

"सांधा कुठं निसटतो, ते म्याच दावलंय त्याला," वस्ताद म्हणाले. "बसवायला."

मग काही न विचारताच त्यांनी माझा खांदा बसवला. मी किंचाळलो.