न ऐकू आलेला बेडूक

पंपघरात एकतीस वर्षं फिटर म्हणून राबलेल्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत, आणि त्यात थट्टा नव्हती. पंप उघडायच्या आधी ते लोखंडी दांडीचं एक टोक पंपाला लावायचे, दुसरं कानाला, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळे व्हायचे. निवृत्त झाल्यावर हाच कान त्यांनी बेडकांकडे वळवला.

मागच्या खोलीत काचेच्या सात पेट्या होत्या. आत ओलं शेवाळ, दोन-चार फांद्या आणि अंगठ्याएवढे हिरवे झाडबेडूक. हौशी माणसं झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून आपापला बेडूक घेऊन यायची आणि विचारायची, नर की मादी? तसं पाहिलं तर सांगणं फार अवघड नाही. वयात आलेल्या नराच्या गळ्याची कातडी सैल आणि पिवळट-करडी दिसते, पुढच्या पायाच्या अंगठ्यावर काळसर खरखरीत डाग येतो. मादी अंगानं मोठी, गळा पांढरा आणि ताणलेला. आणि ओरडून हाक घालतो तो नर. पण कच्च्या वयात सगळ्यांचेच गळे पांढरे, त्यामुळे कानसेन म्हणायचे, "डोळे फसवतात. सात संध्याकाळी माझ्याकडे ठेवा." दुसऱ्या नराच्या धाकानं एखादा नर गप्प बसतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते बेडकाला वेगळ्या पेटीत एकटं ठेवायचे आणि रोज दिवेलागणीला शेजारी खुर्ची टाकून बसायचे. चहा दिला तर निवून जायचा. बारा वर्षांत त्यांचा निवाडा एकदाही चुकला नव्हता, आणि याचा त्यांना गर्व होता. तो त्यांनी लपवलाही नाही.

एके दिवशी शाळेतल्या एक बाई आल्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले होते. मागे राहिला होता त्यांनी पिल्लापासून वाढवलेला एक नर, नऊ वर्षांचा. या जातीच्या बेडकाला नऊ म्हणजे पिकलं पान.

"यंदाचा हंगाम त्याला मिळेल, पुढचा नाही," कानसेनांनी स्पष्टच सांगितलं.

"म्हणूनच आले, भाऊ. ह्यांच्या बेडकाची पिल्लं घरात राहावीत, एवढंच. चांगली मादी द्या."

कानसेनांकडे स्वतः वाढवलेला दोन वर्षांचा एक जीव होता. अंगानं भरलेला. गळा जरासा पिवळट वाटत होता, नाही असं नाही. पण ते सात संध्याकाळी बसले आणि पेटीतून चकार शब्द आला नाही. आठव्या दिवशी त्यांनी तो बाईंच्या डब्यात घातला आणि म्हणाले, "मादी. निर्धास्त घेऊन जा."

खरी गोष्ट अशी की तो बेडूक सातही दिवस ओरडत होता. कानसेनांची मुलगी औषधाच्या दुकानातून येऊन स्वयंपाकाला लागायची, तेव्हा तिला तो ओट्यापाशी ऐकू यायचा. बाबा शेजारी बसलेत म्हटल्यावर तिनं त्यात लक्ष घातलं नाही. त्यांच्या कानावर शंका घ्यायची या घरात पद्धतच नव्हती. पंपांच्या गोंगाटानं एकतीस वर्षांत हळूहळू कानांकडून आपली वसुली केली होती. जाड आवाज येत होते, माणसांचं बोलणं कळत होतं, म्हणून त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही. फक्त बारीक आवाज जगातून निघून गेले होते.

महिन्याभरानं बाईंनी बोलावलं. बापलेक दोघं गेले. पेटी खिडकीशी होती. म्हातारा बेडूक खाली पाण्याच्या वाटीमागे अंग चोरून बसला होता, बरगड्या दिसत होत्या. वरच्या फांदीवर, त्याच्या जागी, नवा बेडूक.

"हा खात नाही आणि तीन आठवडे ओरडलाही नाही," बाई म्हणाल्या. "ओरडते ती तुमची मादी. आत्ताही चाललंय तिचं."

कानसेनांनी वर पाहिलं. फांदीवरच्या बेडकाचा गळा फुग्यासारखा फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. खोलीत त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"बाबा, हा तर आपल्याकडेही ओरडायचा. मला वाटलं, तुम्ही ऐकताय."

कानसेनांनी कान पेटीच्या काचेला लावून पाहिला. मग ते म्हणाले, "मला ऐकू येत नाहीये." हे वाक्य ते जन्मात पहिल्यांदा बोलत होते.

बाई रागावल्या नाहीत, आणि तेच कानसेनांना जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गळा बघितला होतात ना, भाऊ?"

"बघितला होता. पिवळट होता. डोळ्यांचं मानलं नाही मी."

नवा बेडूक त्यांनी त्याच दिवशी परत आणला आणि आपली सगळ्यात जुनी, दोनदा अंडी घातलेली मादी स्वतः पोचवली. पण म्हातारा तोवर खंगला होता. पाचव्या दिवशी सकाळी बाईंना तो वाटीजवळ निपचित सापडला. यजमानांनी वाढवलेल्या जिवाचं पुढे काहीच उरलं नाही, आणि हे आपल्या हातून झालं हे कानसेन कुणापुढेही नाकबूल करत नसत. पेट्या त्यांनी ठेवल्या, निवाडे बंद केले. डबे घेऊन आलेल्यांना मुलगी दारातूनच सांगायची, "बाबा आता बघत नाहीत."

दोन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, हातात मादीचा डबा. कानसेन गडबडीनं उठून उभे राहिले. पुन्हा माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी हातानंच थांबवलं.

"ही ठेवून घ्या. गुणाची आहे, पण गप्प असते. संध्याकाळी घर खायला उठतं हो. मला तो ओरडणारा द्या."

"तो?" कानसेनांना पटेना. "त्याच्यामुळेच तर..."

"त्याचा काय दोष? त्यानं सातही दिवस सांगितलं होतं."

कानसेन बाईंना मागच्या खोलीत घेऊन गेले. त्यांनी मादीला डब्यातून रिकाम्या पेटीत सोडलं, मग शेजारच्या पेटीत हात घालून त्याला अलगद उचललं. बोटांमध्ये धरताच बेडकाच्या कुशी थरथरल्या. सोड म्हणून तो कुरकुरत असणार. दोन वर्षं त्यांनी त्याला हातानं भरवलं होतं. त्यांनी तो डब्यात ठेवला, झाकण लावलं, पण डबा पुढे करेनात.

"बाई, एक विचारू? आवाज कसा आहे त्याचा?"

बाईंनी क्षणभर विचार केला. मग त्या त्यांच्या कानाशी वाकल्या आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात, सावकाश, त्यांना सांगू लागल्या.